काशाने सोडलेली गाय

कार्तिक वद्य ४
नात झाली! काल दुपारी. सावळी, डोकीवर केस एवढे की वेणी घालावी. नाक माझ्या माहेरचं. मास्तरीणबाईंनी शिकवलेली चार अक्षरं आज कामाला आली. कोणाला तरी सांगायचंच, तर कागदाला सांगते. बाहेर तोंड काढायची सोय माझ्या लेकानं ठेवली नाय.

सून सखूला आई नाय, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडंच. पोर अडलं. चिमी सुईण आतनं ओरडली, "काशा, घरातल्या गाठी सोड रे सगळ्या, म्हंजे हिची सुटका होईल!" रीतच ती. मी सखूचे केस सोडले, डब्यांची झाकणं काढली. काशा, माझा लेक, पार घाबरलेला. विहिरीचा दोर सोडला, भाताचे भारे सोडले, मग गोठ्यात शिरून दावी पण सोडली. गोठा आमचा नि शेजारच्या तानीबाईचा एकच. आमचे बैल दारातच उभे राहिले. तानीबाईची गाय गेली रानात. गाभण, आज-उद्या व्यायची.

चिमी म्हणते, "धोतराची गाठ तेवढी राखली, उपकार!" मला हसू आलं. लाज वाटत होती तरी आलं.

का. व. ५
तानीबाई ओट्यावर आली. "वैनी, तुझी सून मोकळी झाली, माझा गोठा पण मोकळा झाला गो." तिच्या घरात दूधदुभतं म्हणजे ती एकच गाय. मी मान खाली घालून उभी. आत पोरगी रडली तशी तानीबाईनं कान दिला, मग आपण रागावलोय हे ध्यानात आलं तशी तरातरा गेली.

काशानं पोरीला अजून बघितलं नाय. खळ्यावर पेंढ्यात बसलाय. हाक मारली तर म्हणे, "गाय आणतो, मगच पोरीचं तोंड बघीन. शपथ घेतलीय." कोणी मागितली शपथ? बापावर गेलाय मेला. ते पण रुसले की आठ आठ दिवस... जाऊ दे.

का. व. ७
पाचवी पुजली. पाटा, वरवंटा, दिवा. सखूला शेक-शेगडी. पोरीनं माझं बोट धरलं.

काशा किन्हवलीला कोंडवाड्यात बघून आला. नाय. व्यायची गाय आडोसा धरते म्हणून करवंदीच्या जाळ्यांतनं फिरला. अंगभर काटे. रानात वाघाची भीती, ती वेगळीच. बाजारात लोक ओरडतात, "काशा, माझी पण गाठ सोड रे!" तोंड एवढंसं झालंय त्याचं. मागल्या दारी जेवतो. पोरगी रडली की घास तसाच हातात.

सखू आतनं बोलली, त्याला ऐकू जाईल अशी, "आत्याबाय, गाय गेली माझ्यापायी. मग पोरीला कशाला शिक्षा?"
तो ताटावरनं उठला.

का. व. ९
काशा टोकावड्याला गेला, पायी. तानीबाईनं गाय तिथनंच आणलेली. जनावर कधी कधी जुन्या दावणीला परत जातं. हे तानीबाईच बोलली. मला नाय, भिंतीकडं बघून. पण बोलली.

का. व. ११
सांजेला काशा आला. एकटाच. दावं खांद्यावर तसंच. पाय फुटलेले. पहिला तानीबाईच्या दारात गेला. "काकी, नाय मिळाली."

मला राहवलं नाय. बारशाआधी पोर बाहेर काढत नाय, मी काढली. अंगणात नेली. "बघ रे मेल्या, तुझीच हाय."

त्यानं डोळे मिटले. गच्च.

मी मागं फिरले, तर त्यानं मिटल्या डोळ्यांनी दोन्ही हात पुढं केले. दिली. मान धर, म्हटलं, अशी. काटे लागलेल्या बोटांनी कपाळ चाचपलं, कान चाचपले. "केस किती गो हिला," एवढंच बोलला. गालावरनं पाणी येत होतं, पापणी काय उघडली नाय.

तानीबाई दारातनं सगळं बघत होती. म्हणते, "काशा, उद्या नदीपल्याड बघू. मी पण येते."

उद्या दोघांच्या भाकऱ्या बांधून देईन. आमच्या घरची खाते की नाय, देव जाणे.