मालकाच्या केबिनचं दार

४ एप्रिल २००८, ब्रॉसार्ड
घरविक्रीचे पेपर्स साइन झाले. मे अखेर मुलाकडे, निखिलकडे, किचनरला राहायला. पॅकिंग सुरू. समोरच्या मादाम तेरेझ मदतीला आल्या. वय ऐंशी, पण खोकी माझ्याहून भराभर बांधतात. देवांच्या खोलीत पहिल्यांदाच आल्या. देव्हाऱ्याच्या पितळी कडीला हात लावून उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "हे दार आमचं होतं." चहा न घेता गेल्या.
ह्यांनी ते जुनं दार याच गल्लीतल्या गराज सेलमधून आणलं होतं, एवढंच मला ठाऊक. ते कापून हा देव्हारा केला. रिटायर झाल्यावर हातांनी केलेली पहिली वस्तू. आणि शेवटची.

७ एप्रिल
मादामकडे गेले. त्यांचे वडील सोरेलच्या गोदीत सुतार. दुसऱ्या महायुद्धात एका अमेरिकन श्रीमंताची वाफेवरची यॉट नेव्हीसाठी तिथे आली. पियानो, बाथटब, गालिचे सगळं बाहेर. मालकाच्या केबिनचं दार वडिलांनी घरी आणलं. पुढे त्याच बोटीवर मादामचा थोरला भाऊ लूक खाली तळाशी बॉयलरवर लागला. एकोणीस वर्षांचा. इथल्याच गल्फमध्ये, नदीच्या मुखापुढे, जर्मन पाणबुडीने बोट बुडवली. कोणी परत आलं नाही, काही सापडलंही नाही. दार तेवढं राहिलं. वडिलांनी ते गराजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवलं. त्यांच्यामागे ते मादामच्या गराजमध्ये आलं. पुष्कळ वर्षांनी, मादाम बहिणीकडे गेलेल्या असताना, नवऱ्याने विकून टाकलं. घेणाऱ्याने ते जळणात घातलं असंच मादाम धरून चालल्या होत्या.

१३ एप्रिल
लायब्ररीतून त्या बोटींवरचं पुस्तक आणलं. डिक्शनरी घेऊन बसले. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती, इथल्या नेव्हीला तिथल्या बोटी उघड विकत घेता येईनात. म्हणून इथल्या श्रीमंतांनी स्वतःच्या नावावर यॉट घेऊन नेव्हीला दिल्या. पुढे तोफ, मागे पाण्यात फुटणारे बॉम्ब, वरून करडा रंग, आणि निघाल्या मालबोटींच्या राखणीला. उन्हाळी सहलीच्या बोटी. वरातीची घोडी तोफेला जुंपावी तसं.
हे असते तर इंजिनाचंच विचारत बसले असते.

२० एप्रिल
निखिलचा फोन. सगळं सांगितलं. "आई, बाबांनी केलाय तो. It's coming with you." ठेवणार कुठे, तर बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या बाजूला. वर जागा नाही. खरंच नाही, मी पाहिलंय.

२ मे
मादामना म्हटलं, देव्हारा तुम्ही घ्या. रागावल्या. कापून तुकडे केलेल्या दाराचं आता मी काय करू, म्हणाल्या. मग म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याने निदान करवत तरी नीट चालवली, माझ्याने नुसतंच विकलं. दोघी हसलो.
किचनरला देव्हारा कुठे राहणार, त्यांनी विचारलं. सांगितलं. मादाम म्हणाल्या,
"खाली नको. फर्नेसपाशी नको."

५ मे
निखिलला पुन्हा फोन. वर हॉलमध्ये बसेल का? मोजून सांगतो म्हणाला.

१९ मे
निखिलने अजून मोजलं नाही. मीही परत विचारलं नाही.

३० मे
ट्रक उद्या सकाळी. देव तांदळाच्या डब्यात ठेवले. देव्हारा रिकामा. दिवेलागणीला सवयीने निरांजन लावलंच. मादाम आल्या, खुर्ची ओढून बसल्या. देव तर बांधले, मग दिवा कोणासाठी, विचारलं. मी वात थोडी पुढे सारली.
वात संपेपर्यंत बसून होत्या.
सगळ्या खोक्यांवर मार्करने निखिलचं नाव घातलंय. देव्हाऱ्यावर अजून नाही. मार्कर त्याच्याच डोक्यावर ठेवलाय.