मांजर वहिनीला का दिलंस?

प्रिय माय,

तुझी ठकी आत्ताच सिडकोत दादाच्या घरी पोचवून आले. दोन रिक्षा बदलून पडेगावला परत आले, हातपाय धुतले आणि मशीनवर बसायचं सोडून हे लिहायला बसले. लग्नसराईची ब्लाऊजं पडून आहेत, दोघी बाया येऊन तोंड करून गेल्या. करू दे. तू गेल्यापासून जे पोटात साठलंय ते आज बोलले नाही तर मला जेवण जाणार नाही.

सरळच विचारते. मांजर वहिनीला का दिलंस?

मला हेवा वाटतो, माय. जळते म्हण, जळफळते म्हण. लोकांच्या घरात सोन्यावरून होतं, शेताच्या बांधावरून होतं. मी पन्नाशीला आलेली बाई, म्हाताऱ्या आजारी मांजरावरून जळते. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "ज्या मांजराच्या औषधापायी तुझा दादा सुभाष रडकुंडीला आलाय, ते तुला पाहिजे?" व्हय, पाहिजे.

दवाखान्यात मी तुझे पाय दाबत होते तेव्हा मीच विषय काढला होता. म्हटलं, माय, ठकीचा घोर नको करू, तिला मी नेते. तू डोळेसुद्धा उघडले नाहीस. "नको," म्हणालीस, "शोभाला जमतं ते." झालं. त्यानंतर तू पाणी मागितलंस आणि ते पण शोभावहिनीनंच पाजलं.

शोभाला जमतं. आणि मला काय जमत नाय गं? दिवसभर हातात सुई धरून दोन पोरी शिकवल्या मी.

ठकीला साखर झाली तो दिवस आठवतो? आप्पा गेले त्या वर्षी कूलरच्या खोक्यात सापडलेलं पिल्लू, तू बोळ्यानं दूध पाजून वाढवलंस. मग एका उन्हाळ्यात ती भांडंभर पाणी प्यायला लागली, सारखी ओलं करायला लागली, खाऊन खाऊन वाळायला लागली. तू म्हणालीस, "हिला माझंच दुखणं झालंय." सगळे हसले. मी पण हसले. मांजराला कुठं साखर होती का? क्रांती चौकाच्या पुढच्या दवाखान्यात त्या तरुण डॉक्टरीण बाईनं कानाला टोचून रक्त बघितलं आणि तुझं खरं निघालं. लॉटरी लागल्यासारखी तू सगळ्यांना फोन करून सांगत होतीस.

मग खर्च सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. रक्त तपासायच्या पट्ट्या. डब्यातलं वेगळं खाणं, जे किलोला आपल्या बासमतीपेक्षा महाग. वर महिन्याला एकदा दिवसभर दवाखान्यात ठेवून घटका-घटकानं साखर बघायची. दादा म्हणाला, "माय, एवढ्यात शेळी येती." तू म्हणालीस, "आण शेळी. ती माझ्या पायाशी झोपंल का?" आणि आप्पांची पेन्शन काढून त्याच्या पुढ्यात ठेवलीस. ही तू शोभतेस मला. ही माझी माय.

पण त्याच दिवसापासून तू माझ्या हातून निसटलीस बघ.

त्याआधी काय होतं? रोज दुपारी तुझा फोन. शोभानं वरणात मीठ जास्त टाकलं, शोभा नळ चालू ठेवती, शोभाच्या माहेरचे आले की गॅस संपतो. मी इकडं कापड कापता कापता ऐकायची. तुझ्या सुनेची सगळी गाऱ्हाणी माझ्या मालकीची होती. मी वहिनीची बाजूसुद्धा घ्यायची कधी कधी, उगंच, म्हणजे तू आणखी सांगावंस म्हणून. आणि मग सुया सुरू झाल्या. आधी ठकीला खायला, मग ठकीला सुई, मग तुला सुई, मग तुझं जेवण. फ्रिजच्या दारात दोन डबे, ठकीच्या डब्याला वहिनीनं लाल दोरा बांधलेला. हळूहळू तुझ्या फोनमधलं मीठ गेलं, नळ गेला, गॅस गेला. तू म्हणायला लागलीस, "शोभाचा हात हलका हाय, टोचलेलं कळत नाय." सून-सासूचं भांडण मिटलं की लेकींना बरं वाटायला पाहिजे म्हणतात. मला नाही वाटलं.

एकदा मी न सांगता आले होते. दार उघडंच होतं. तू पलंगावर, ठकी तुझ्या मांडीवर, वहिनी खाली बसून सुई भरत होती आणि तिघी कशाला तरी हसत होतात. मांजर हसत नाही हे मला कळतं. पण त्या दिवशी तीसुद्धा हसत होती. मी उंबऱ्यात आले आणि तुम्ही थांबलात. वहिनीनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं, विचारलं, "उन्हाच्या आल्या का, ताई?" पाहुण्याला विचारतात तसं. कशाला हसत होतात गं? मी चार वेळा विचारलं, तू म्हणालीस, "काय नाय, असंच."

आणि टोमणे? ते मात्र माझ्या वाट्याला. ठकीला कुरवाळत म्हणायचीस, "ठके, काही लोकायला रविवारीच माय आठवती." लेकी बोले सुने लागे म्हणतात. आपल्या घरी बोलणं मांजराला आणि लागणं लेकीला.

तू गेलीस, तेराव्याला पंगत उठली आणि दादानं विषय काढला. पेन्शन बंद झाली, आता या मांजराचं काय? गावाकडचे काका म्हणाले, "पोत्यात घालून भाजी मंडईत सोडा. उंदरं खाईल, जगंल." वहिनी भांडी गोळा करत होती. ती एवढंच बोलली, "आत्याबाईंनी मला सांगितलंय." कॉलेजच्या पोरांना ती जेवणाचे डबे देते, ते तिनं दुसऱ्या दिवशी वाढवून घेतले. पहाटे उठून जास्तीच्या पोळ्या लाटायच्या आणि त्या पैशात ठकीचं औषध. सगळे नातेवाईक म्हणाले, सून असावी तर अशी. मी स्वयंपाकघरात होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी बाहेर येऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "ठकीचा खर्च मी देते." वहिनी काय म्हणाली माहितीय? "राहू द्या, ताई. तुमच्या पोरींच्या फिया आहेत." गोड बोलून दार लावलं. लोक खर्च टाळायला भांडतात, मी खर्च मिळावा म्हणून भांडत होते आणि मला तो कुणी देत नव्हतं! कानामागून आली आणि तिखट झाली, ही म्हण मी त्या दिवशी मनात शंभरदा म्हटली.

मग या आठवड्यात माझी पाळी आली. वहिनीच्या भावाच्या मुलीचं लग्न, फर्दापूरला. दादाला सुट्टी नाही आणि सुई बघितली की त्याला घेरी येती. वहिनी ठकीला टोपलीत घालून माझ्याकडं घेऊन आली. इन्सुलिन, पट्ट्या, खाणं, सगळं देऊन म्हणाली, "आधी खाऊ द्या, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, दवाखान्यात फोन करायचा." मी म्हटलं, कळतं मला, जा तुम्ही बिनघोर.

काय सांगू किती खूश होते मी. तुझं जुनं पातळ घडी करून अंथरलं. म्हटलं, आता बघतेच, हिला पण कळू दे लेकीचं घर काय असतं.

ठकी कपाटाखाली जाऊन बसली ती बाहेरच येईना. तिच्या डब्यातलं ठेवलं, वास घेऊन तोंड फिरवलं. मासळी आणली, बिनमिठाचा रस्सा केला. जमिनीवर पालथी पडून तिला 'ठके, ठकूबाई' करत होते, तू करायचीस तसं. एक घास नाही. खाणं नाही म्हणून सुई नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची मान वर होईना. फोनवर डॉक्टरीण बाई म्हणाल्या, लगेच घेऊन या. टोपली छातीशी धरून रिक्षात बसले आणि रस्ताभर तुझ्या नावानं बोंबलत होते. मनातल्या मनात.

त्यांनी तिला आत नेलं, सलाईन लावलं, रक्त घेतलं. आगाऊ पैसे भरायला सांगितले. या सीझनची निम्मी शिलाई गेली म्हण. खोटं सांगत नाही, पैसे मोजून देताना माझी छाती फुगली होती. पहिल्यांदा तुझ्या ठकीवर माझा पैसा लागला होता.

ती सगळी शान एका मिनिटात उतरली. काउंटरवरची बाई पावती फाडत म्हणाली, "शोभाताई नाही आल्या?" मी म्हटलं, त्या लग्नाला गेल्यात. "आणि तुम्ही कोण?" मी म्हटलं, मी मुलगी. ज्यांचं मांजर होतं त्यांची. ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "आजींना दोन मुली होत्या? आम्हाला वाटायचं शोभाताई एकच."

माय, तिथंच बाकड्यावर बसले मी. शेजारी एक माणूस पांढरं केसाळ मांजर घेऊन बसला होता, तो म्हणाला, पाणी आणू का. इतकी वर्षं तू त्या दवाखान्यात जात होतीस आणि तिथं मी जन्मलेच नव्हते?

वहिनीला मीच फोन केला होता, ठकीला आत नेल्यावर. ती एसटी धरून दुपारी आली. हळदीच्या कार्यक्रमातून उठून आली होती, गालाला तशीच हळद. आत गेली, "काय गं, सटवे," एवढंच म्हणाली, आणि ठकीनं डोकं उचललं. वहिनीच्या बोटावरचं खाल्लं. मी दारातून बघत होते. ठकी वाचली म्हणून रडू आलं आणि हिच्या हातचं खाल्लं म्हणूनही आलं. दोन्ही मिळून एकच रडू झालं, कुणाला वेगळं करून दाखवता आलं नसतं.

बाहेर आल्यावर ती पाकीट काढायला लागली. मी म्हटलं, बिल मी भरलंय, त्यात वाटा मिळणार नाही. ती म्हणाली, "आत्याबाईंनी मला सांगितलं होतं." मग माझा तोल गेला. म्हटलं, "मायनं तुम्हाला सगळंच सांगितलं! इथं तर तुम्ही तिच्या लेक झालात म्हणे!"

वहिनीनं पाकीट परत पिशवीत टाकलं. मग म्हणाली, "मी नव्हतं सांगितलं, ताई. पहिल्यांदा डॉक्टरनी विचारलं, ही कोण, तर आत्याबाई म्हणाल्या, लेक हाय माझी. मला इतकं..." पदरानं गालाची हळद पुसत बसली. "बाहेर येऊन रिक्षात बसलो, आणि लगेच माझा हात धरून म्हणाल्या, हे मंगलला सांगू नको हं. तिला लई लागंल."

मी हातातल्या पावतीची घडी घालत बसले.

"इतक्या वर्षांत एकदा मला लेक म्हटल्या," वहिनी म्हणाली, "ते पण तुमच्यापासून चोरून. मी सुया देत होते, ताई, आणि त्या घड्याळाकडं बघायच्या. म्हणायच्या, मंगलचा फोन नाही आला आज. मला नुसतं मांजर मिळालं. तुम्हाला ते पण कशाला हवंय?"

खरं सांगू? मला बरं वाटलं. लई बरं वाटलं. तिच्या डोळ्यात पाणी होतं आणि मला गार वाटत होतं. लाजही वाटली नाही तेव्हा, ती आत्ता लिहिताना वाटतीय. ती बाई भाचीचं लग्न सोडून आली होती आणि मी तिचं दुःख ऐकून पोटभर जेवल्यासारखी बसले होते.

ठकीला रात्री तिथंच ठेवलं. सकाळी आम्ही दोघी आणायला गेलो, मग सिडकोला सोडलं. वहिनीनं मला सुई भरायला दिली, म्हणाली, "मानेची कातडी अशी चिमटीत धरा." ठकी ओरडली. वहिनी देते तेव्हा ओरडत नाही. तर तुझं ते खरं होतं, शोभाला जमतं. पण एवढंच सांगायचं होतंस ना मला, की मंगल, तुझा हात जड हाय! मी समजून घेतलं असतं. रुसले असते, मग समजून घेतलं असतं.

हेवा गेला असं समजू नको. तुम्ही तिघी कशाला हसत होतात ते मी वहिनीला आज पण विचारलं, आणि ती पण म्हणाली, "काय नाही, असंच."

आता एक शब्द देते. मांजर परत मागणार नाही. पुढच्या महिन्यात ठकीला दिवसभर दवाखान्यात ठेवायचंय, तेव्हा मी जाणार वहिनीबरोबर, आणि बिलावरून भांडणार, निम्मं भरल्याशिवाय हलणार नाही. ती काउंटरवरची बाई परत विचारील, तुम्ही दोघी आजींच्या कोण. तेव्हा वहिनीच्या आधी मी बोलेन. लेकी आहोत म्हणून सांगेन. तुला चोरून म्हणावं लागलं ते मी सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणेन.

तुझी थोरली,
मंगल