माघारीची पूर्वतयारी

बुधवार, ५ मार्च २०२५. सकाळ.

अर्ज भरला. 'पूर्वरंग' मराठी मंडळ, शिस्तपालन प्रमुख. मंडळात या पदाला सगळे सरकारी वकील म्हणतात, कारण कोणी नियम मोडला की कार्यकारिणीपुढे त्याच्यावर आरोप ठेवायचं काम याचं. कूपन एक आणि मोदक चार, किंवा तालमीच्या नावाने हॉल घेऊन मुलाचा वाढदिवस, असले गुन्हे. बँकेत इतकी वर्षं कम्प्लायन्समध्ये, म्हणजे नियम कोण मोडतंय ते बघण्यात, काढलेल्या माणसाला हे काम म्हणजे हातचा मळ.

पण मला ते पद नको आहे. इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे लिहायची सोय नाही. बायकोला, प्रणितालाही सांगितलेलं नाही.

मला माघार घ्यायची आहे.

आपल्या मंडळात निवडणूक कायम बिनविरोध. एका पदाला दोन अर्ज आले की अध्यक्ष प्रतापराव पेढे घेऊन एकाच्या घरी जातात, हात धरतात, गळ घालतात. तो आढेवेढे घेतो आणि शेवटी मंडळाच्या भल्यासाठी मागे सरतो. मग पाडव्याच्या सभेत त्याला शाल, श्रीफळ, पहिल्या रांगेत खुर्ची आणि वर्षभरासाठी 'सल्लागार' पद. काम शून्य. गेल्या वर्षी हे क्षितिजला मिळालं. क्षितिजला! ज्याने मंडळाची घटना उघडूनसुद्धा पाहिलेली नाही!

दुसरा अर्ज मुकुलचा. एकोणतिशीतला पोरगा, आंग मो किओ भागात कुठल्याशा टेक कंपनीत आहे, कार्यक्रमात स्पीकर लावतो. तेव्हा प्रतापराव कोणाच्या घरी येणार हे उघड आहे. मान ज्येष्ठाचा.

माघारीची मुदत १६ तारीख, संध्याकाळी सहा. धोरण: दोनदा ठाम नाही. तिसऱ्यांदा विरघळायचं. आमच्या लग्नात नानाकाका सूटपीस हातात पडेपर्यंत पंगतीला बसले नव्हते. मान असाच घ्यावा लागतो.

गुरुवार, ६ मार्च.

लिटल इंडियात जाऊन बाकरवडीचा मोठा डबा आणि काजू आणले. येणाऱ्यांसाठी. घरातल्या कोणी हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

सोफा फिरवला. आता मी बसेन तिथे मागून उजेड येतो, समोरच्याला माझा चेहरा नीट वाचता येणार नाही. श्रियाचं म्हणणं, आता टीव्ही दिसत नाही, सो वियर्ड लाह (हे 'लाह' इथल्या शाळेतलं). सोळा वर्षांच्या मुलीला राजकारण काय समजावणार. प्रणिताला सांगितलं, मी खुणावल्याशिवाय चहा ठेवायचा नाही. तिने विचारलं कोण येणार आहे. म्हटलं, कोणीही येऊ शकतं.

शनिवार, ८ मार्च.

कोणी आलं नाही.

बाकरवडी ताजी आहे ना ते तपासलं. ताजी आहे. परत तपासलं.

थोडा भाव वाढवायला हवा. सहज मागे सरणाऱ्या माणसाची कोण मनधरणी करणार? मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं: 'हा संजीव एकदा उभा राहिला की बसत नाही. कोणीही येऊन सांगा, माघार नाही म्हणजे नाही. सेवा करायची आहे!' लगेच टाळ्या, अंगठे, फुलं. निवडणूक अधिकारी अरुणाताईंनी नमस्कार टाकला, ज्या स्वतःच्या नवऱ्याच्या वाढदिवसालाही काही टाकत नाहीत. प्रतापरावांनी नुसतं 'वा!' लिहिलं. घाबरलेले दिसतात. उद्या येतीलच.

रविवार, ९ मार्च. दुपार.

प्रतापरावांचा फोन! पहिल्यांदा वाजू दिला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा उचलला.

त्यांना आमचा मोठा कुकर हवा होता, पाडव्याच्या जेवणासाठी. मी ओळखलं की ही प्रस्तावना आहे. जरा कठीण आहे, म्हणालो. ते म्हणाले हरकत नाही, मंडळातल्या अभयकडे आहे. आणि ठेवला.

अभयचा कुकर पाच लिटरचा. त्यात काय शिजणार, डोंबल?

पण माणूस फोन करून गेला, म्हणजे अंदाज घेऊन गेला.

मंगळवार, ११ मार्च.

ऑफिस, चांगी बिझनेस पार्क. सकाळी कॅलेंडर उघडलं. धवलने (माझा बॉस, वय चौतीस, माझ्याच हाताखाली शिकला) ऑडिटची मीटिंग लावली आहे आणि मला 'ऑप्शनल' ठेवलं आहे. तरी गेलो. खोलीत खुर्ची कमी पडत होती. धवलने फार गोड आवाजात सांगितलं की मी वेळ वाया घालवला नाही तरी चालेल, नोट्स पाठवतो. नोट्स आल्या नाहीत.

वाईट वाटलं. कशाला खोटं लिहू? पूर्वी लोक दारात उभे राहायचे, संजीव सर, दोन मिनिटं, तुमच्याशिवाय हे सुटत नाही. आता बऱ्याच दिवसांत मला कोणी एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारलेली नाही. शाल काय, बाजारात विकत मिळते. कोणीतरी घरी यावं, माझा हात धरावा आणि म्हणावं की तुझ्यावाचून आमचं अडलंय. एवढंच हवं आहे. यात काही जास्त आहे का?

असो. संध्याकाळी घरी आल्यावर दाराबाहेर अनोळखी चपला. धावत आत गेलो. श्रियाची मैत्रीण.

गुरुवार, १३ मार्च.

काजू संपले. प्रणिताने विचारलं, पाहुणे येऊन गेले का. तिरकस बोलायची सवयच आहे तिला.

आज पहिल्यांदाच डोक्यात आलं की कोणी आलंच नाही तर? तर मतदान होईल. मंडळाच्या इतिहासात पहिलं. मुकुलला सगळी तरुण मंडळी मत देणार. त्यांच्या आयाही देणार, तो त्यांच्या फोनमधली गाणी लावून देतो. मला कोण? मी. प्रणिता, बहुतेक. पाडव्याच्या दिवशी, भरल्या हॉलमध्ये, अरुणाताई माईकवरून आकडे वाचणार. माझा आकडा. श्रिया समोर बसलेली असणार.

रात्रीचं जेवण गेलं नाही. बाकरवडीवर भागवलं.

निश्चय: शांत राहणे. प्रतापराव मुत्सद्दी माणूस, शेवटच्या क्षणी येणार.

शनिवार, १५ मार्च. संध्याकाळ.

घात झाला!

बेडोकला हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, कोपी (इथली कॉफी) घ्यायला गेलो, तर पंख्याखालच्या टेबलावर प्रतापराव आणि मुकुल. मी झटकन ट्रे परत करायच्या रॅकमागे उभा राहिलो. प्रतापरावांनी मुकुलचा हात धरला होता. दोन्ही हातांनी! बराच वेळ काहीतरी सांगत होते. मुकुल आधी मान हलवत होता, मग हसला. खुर्चीवर पिशवी, आणि पिशवीतून शालीचा काठ बाहेर आलेला. मरून रंगाची. मला हवी होती तीच.

तेवढ्यात तिथल्या आंटीने मला कामावरचा समजून हातात उष्ट्या बश्यांचा ट्रे दिला. दिलेला ट्रे घेतला.

सगळं लख्ख दिसलं. अध्यक्षांनी मुकुलशी हातमिळवणी केली आहे. मनधरणी तर सोडाच, हे मला मतदानात आडवा करणार आहेत. विजयाची शालसुद्धा आधीच आणून ठेवली! इतकी वर्षं गणपतीच्या हिशोबाला फुकटात नजर मारून दिली त्या माणसाला ही वागणूक.

झोपतो. झोप येणार नाही.

रविवार, १६ मार्च. दुपार.

ठरलं. पाडला जाण्यापेक्षा स्वतःहून बाहेर पडायचं. ताठ मानेने. भाषण लिहिलं: 'मंडळाच्या ऐक्यासाठी मी ही आहुती देत आहे.' आरशासमोर म्हटलं. 'आहुती'ला आवाज भरून येतो, चांगलं आहे.

प्रणिता आज विचित्र वागते आहे. सकाळपासून गालात हसते. शिरा करायला घेतला आहे, केशर घालून. मला म्हणाली संध्याकाळी कुठे जाऊ नकोस. म्हटलं दूध आणायचंय. म्हणाली दूध आहे. म्हटलं ब्रेड. म्हणाली तोही आहे. शेवटी म्हटलं चालायला जातो, डॉक्टरांनी सांगितलंय. नीट शर्ट घाल म्हणाली. नवरा रसातळाला चालला आहे आणि हिला शर्टाचं पडलंय.

त्याच दिवशी, संध्याकाळी सव्वासात.

जसं घडलं तसं लिहितो.

साडेपाचला अरुणाताईंच्या घरी पोचलो. माघार घ्यायची आहे म्हणून सांगितलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. नियम असा की सहा वाजेपर्यंत निवडणूक अधिकाऱ्याने एका उमेदवाराचं दुसऱ्याला काही सांगायचं नाही, आणि अरुणाताई नियमाला आईसारखं मानतात. त्यांनी फक्त विचारलं, नक्की का.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारलं होतं. काय सांगू, छाती भरून आली. म्हणालो, नक्की. त्यांनी पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, संजीव, अजून अर्धा तास आहे, घाई करू नका, माझं ऐका, परत एकदा विचार करा. आवाजात चक्क कळकळ! मी दुसऱ्यांदा ठाम नाही म्हणालो. धोरणाप्रमाणे. आता त्या तिसऱ्यांदा विचारणार आणि मी विरघळणार, अर्ज ठेवणार, होऊन जाऊ दे मतदान, असं मनात आलंसुद्धा होतं. खरंच आलं होतं.

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. कागद पुढे केला. मी सही केली. आहुतीचं भाषण म्हणायला तोंड उघडलं तर त्या दार उघडून उभ्या होत्या.

घरी आलो. दाराबाहेर चपला. मोठमोठ्या, पुरुषी.

आत माझ्या सोफ्यावर, उजेडाकडे पाठ करून, प्रतापराव. मांडीवर पेढ्यांचा खोका. मला बघताच उठले आणि मिठी मारली. म्हणाले अभिनंदन. मुकुलने सकाळीच माघार घेतली होती. काल तासभर त्याची समजूत काढली, म्हणाले. कार्यकारिणीत एकमताने ठरलं होतं: आजवर प्रत्येकाला मनवून मनवून खाली बसवलं, पण मनापासून काम करायचं आहे असा हा पहिलाच माणूस, याला कोणी माघार घ्यायला सांगायचं नाही. ग्रुपवरचा माझा मेसेज त्यांनी वाचून दाखवला होता म्हणे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

प्रणिताने माझ्या हातावर पेढा ठेवला. तिचे डोळे पाणावलेले. श्रियासुद्धा हसत होती, पापा, नॉट बॅड लाह. घड्याळात सहा वाजून गेले होते.

मग प्रतापरावांचा फोन वाजला. अरुणाताईंचा.

पुढचं लिहवत नाही. प्रतापराव जाताना पेढे ठेवून गेले. परत न्यायला लाज वाटली असावी.

मंगळवार, १८ मार्च.

प्रणिता बोलत नाही. एकदाच बोलली. विचारलं, तुला हवं काय होतं? मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न होता. तिने श्रियाचा डबा भरला.

बारकाईने विचार केला. चूक अरुणाताईंची. कुठल्याही सुसंस्कृत समाजात तीनदा विचारतात.

शनिवार, २२ मार्च.

प्रतापराव आणि अरुणाताई घरी आले. जागा रिकामी, उमेदवार एकही नाही, अशा वेळी कार्यकारिणी कोणाचीही नेमणूक करू शकते. मी शर्ट बदलला. सोफ्यावर बसलो. दोन नकार तयार ठेवले.

त्यांनी प्रणिताला विचारलं.

ती लगेच हो म्हणाली! पहिल्याच झटक्याला. आधण ठेवायच्या आधी. बायकोला काही रीतच नाही. चहा मी केला. बाकरवडीचा डबा उघडून पुढे केला तर तळाशी नुसता चुरा.

रविवार, ३० मार्च. पाडवा.

सभा पार पडली. जेवणात भात कमी पडला, अभयच्या कुकरमुळे. मी कोणाला काही बोललो नाही.

मंडळाच्या भल्यासाठी सन्मानाने माघार घेतल्याबद्दल मुकुलला शाल आणि श्रीफळ. एकोणतिसाव्या वर्षी सल्लागार! मी प्रतापरावांना गाठून म्हणालो की तांत्रिकदृष्ट्या माघार मीही घेतली आहे. ते म्हणाले, हो, पण तुम्हाला कुठे कोणी सांगितलं होतं? मी सातव्या रांगेत होतो. प्रणिता स्टेजवर शपथ घेताना चांगली दिसत होती. टाळ्या मीच सुरू केल्या, हे कोणाच्या लक्षात आलं नसेल.

घरी येताना एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, ती शेजारी बसली. चौदा दिवसांनी आपणहून. आवाज एकदम मऊ. म्हणाली, पहिलीच तक्रार आली आहे, नियमांचं मला काही कळत नाही, तू इतकी वर्षं हेच करतोस, मला मदत करशील? तुझ्याशिवाय जमणार नाही.

माझा हातसुद्धा धरला होता.

मी म्हणालो, नाही. बघतो. सध्या कठीण आहे.

ती बरं म्हणाली. हात काढून घेतला आणि मुकुलला फोन लावला. तो हो म्हणाला असावा, कारण आता दोघं बाहेर डायनिंग टेबलवर बसले आहेत आणि श्रिया त्यांना चहा देते आहे.

अजून दोनदा विचारायला वाव आहे. आतल्या खोलीत बसलो आहे. दार उघडंच ठेवलं आहे.