वाणात दिलेली काळी सायकल

डोंबिवली (पूर्व),
अधिक ज्येष्ठ, वद्य षष्ठी

राजमान्य राजेश्री उत्तमराव यांसी,

मारुतीचा साष्टांग नमस्कार (गुडघा कुरकुरतो आहे, म्हणून तूर्त कागदावरच). पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. वहिनींच्या मोतीबिंदूची चौकशी तुमच्या बहिणीने, कलावतीने फोनवर केलीच आहे. म्हशीची करायची ती विसरली, तेव्हा म्हशीची तब्येत कशी आहे ते सवडीने कळवा. यंदा गूळ चांगला उतरला असं ऐकलं. फोन न करता पत्र का, तर आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं आधी स्वयंपाकघरात पोचतं आणि मग कराडला. काही गोष्टी उलट क्रमाने पोचलेल्या बऱ्या.

आमच्या रुचिताच्या लग्नानंतरचा हा पहिला अधिक महिना, हे तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या अधिकाचं जावयाचं वाण अमावास्येच्या आत गेलंच पाहिजे, नाहीतर पुन्हा तीन वर्षं थांबा. आमचे जावई ऋतुराज कल्याणला राहतात, कसल्याशा कंपनीत दिवसभर संगणकापुढे बसतात. माणूस सज्जन. इतका सज्जन, की दीड वर्षात आमच्या दोघांत मोजून चार वाक्यं झाली होती : ‘बसा’, ‘हो’, ‘जेवून जा’ आणि ‘नको, उशीर होईल’. मला काका म्हणावं की बाबा, हे त्यांचं ठरत नव्हतं, म्हणून ते मला काहीच म्हणत नसत. मी आतल्या खोलीत असलो की दारापर्यंत येऊन खाकरायचे. आता मला मुलगा नाही, हे काही मी रडगाणं म्हणून सांगत नाही. पण जावई आला की यंत्रातंत्रातलं दोन शब्द बोलायला घरात कोणी होईल, अशी एक आशा मी बाळगून होतो. तेव्हा यंदा असं वाण द्यायचं की हा माणूस बोलला पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

कलावतीने त्यांना विचारलं, अंगठी करू की साखळी. त्यांनी आठवडाभर विचार केला आणि एक फोटो पाठवला. फोटोत काळ्या नळ्यांचा एक तिरका त्रिकोण. चाकं नाहीत, हँडल नाही, काही नाही. कलावतीला वाटलं अपघात झाला, तिने तसाच कल्याणला फोन लावला. रुचिताने खुलासा केला, की हा कार्बनचा सायकलचा सांगाडा आहे, शर्यतीच्या सायकलीचा; चीनमधल्या कारखान्यातून थेट मागवायचा. मध्ये दुकान नाही, वर नाव नाही, पाटी नाही, म्हणून परवडतो. बाकीचे भाग सुटे जमवून सायकल घरी जोडायची. (‘सांगाडा’ हा शब्द अधिकात घरात काढायचा नाही, असा कलावतीचा हुकूम निघाला, म्हणून यापुढे फ्रेम.) ‘घरी जोडायची’ हे ऐकलं मात्र, उत्तमराव, माझे कान टवकारले. छत्तीस वर्षं एमआयडीसीत पंप जोडले मी. सध्या सक्तीचा आराम आहे, पण हात अजून तेच आहेत.

फ्रेम मागवायची तर आधी माणसाचं माप लागतं, आणि ते सदऱ्याचं नव्हे, जांघेपासून टाचेपर्यंतचं. अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण, त्याचे पाय धुवायचे, इथवर आपल्याला शिकवलेलं आहे. नारायणाला अनवाणी भिंतीला उभं करून त्याच्या मांड्यांमध्ये सुताराचा लोखंडी गुण्या धरायचा, हे कोणत्याही पोथीत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले, मी छताकडे बघितलं, आणि रुचिता टेप धरून एवढी हसली की पहिलं माप पाच सेंटिमीटरने चुकलं. पुन्हा सगळं करावं लागलं.

पेटी निघाली आणि वाटेत अठरा दिवस एकाच जागी बसून राहिली. अधिक सुरू झाला. कलावतीचं अनारशाचं पीठ तयार झालं, डब्यात मुरलं, आणि मी रोज सकाळी मोबाइलवर तेच एक वाक्य वाचत बसलो, की तुमची वस्तू प्रवासात आहे. अखेर आली. जावईही कामावरून धावत आले. मी ब्लेडने पेटी उघडली, ‘सरका, जड असेल’ म्हणून त्यांना मागे केलं, कंबर वाकवली, श्वास धरला आणि लोखंडी सायकल जेवढ्या ताकदीने उचलावी तेवढ्या ताकदीने फ्रेम उचलली. उत्तमराव, ती थेट पंख्याकडे गेली! पंखा पाचवर होता. जावयांनी उडी मारून गाडीची साखळी ओढावी तसं बटण बंद केलं म्हणून वाण वाचलं. मी हात वर करून तसाच उभा, आणि हातात काही आहे की नाही हेच कळेना. माझा विश्वास बसला नाही. मी फ्रेम घेऊन तडक खाली केशरबाईंच्या किराणा दुकानात गेलो आणि काट्यावर ठेवली. एक किलो पन्नास ग्रॅम. केशरबाई म्हणाल्या, “मारुतीराव, एवढं डाळीच्या वजनाचं आणलंत, मग पिशवीतून आणायचं नाही का?” आमची विळी याहून जड आहे. टिचकी मारली तर वाळक्या भोपळ्यासारखा आवाज. यावर एक आख्खा माणूस बसणार, आणि तोही माझ्या मुलीचा नवरा, या विचाराने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मग जोडणी सुरू झाली. रोज संध्याकाळी जावई कामावरून परस्पर इकडे येत, आणि हॉलमध्ये चादर पसरून आम्ही दोघे बसत असू. पहिलं संकट तारांचं. हल्ली गिअरची तार नळीच्या बाहेरून नेत नाहीत, आतून नेतात. एका भोकातून घालायची आणि हातभर लांबच्या दुसऱ्या भोकातून काढायची, मध्ये अंधार. आम्ही दोघांनी दोन संध्याकाळी घालवल्या. तार आत जायची आणि तिकडेच रमायची. तिसऱ्या दिवशी कलावती अनारसे थापता थापता उठली, हात पुसले, दोऱ्याला एक बारीक सेफ्टी पिन बांधून आत सोडली, माझ्या जुन्या स्पीकरचं लोहचुंबक नळीवरून बाहेरून फिरवलं, आणि परकराची नाडी ओवावी तसा दोरा दुसऱ्या भोकातून बाहेर काढून आमच्या हातात दिला. दोऱ्यामागून तार आली. चार मिनिटं लागली असतील. ती परत जाऊन अनारसे थापायला बसली. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. मी छत्तीस वर्षांचा फिटर, पण त्या क्षणी मला तिच्या हाताखाली उमेदवारी करावीशी वाटली.

त्याच बाईने नंतर असा प्रश्न काढला की आम्ही गार पडलो. वाण जाळीदार हवं आणि तेहतीस हवं. अनारसे, बत्तासे ठीक. पण मुख्य वाण सायकल, तर तिच्यात तेहतीस काय? स्पोक मोजले, चव्वेचाळीस भरले. फ्रेमची भोकं मोजली, सतरा. शेवटी जावयांनीच बिचाऱ्यांनी सुचवलं, की मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला चौतीस दात आहेत. कलावती माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, एक घासून टाका ना.” (मी कानस कुठे ठेवली आहे ते आठवू लागलो होतो, हे तुमच्यापासून लपवत नाही.)

आता माझ्या चुकीकडे येतो. या सायकलीचा प्रत्येक बोल्ट एका लहानशा पान्याने आवळतात, आणि ठरलेला जोर झाला की तो पाना ‘कट्’ म्हणतो. तिथे थांबायचं. जोर किती, तर पाच. आमच्या कारखान्यात पाचात बाटलीचं बूच लागलं नसतं! पण जावई त्या कट्पुढे इतके नम्र, की मीही गप्प बसलो. शनिवारी दुपारी ते यायच्या आधी मी सगळं एकदा तपासत होतो, तेव्हा सीटची दांडी बाहेर काढून पाहतो तर काय, तिला सगळीकडे वाळूसारखं खरखरीत काहीतरी लागलेलं. मला वाटलं, चिनी कारखान्यातला कचरा राहून गेला. मी ते रॉकेलच्या फडक्याने लख्ख पुसलं, नळी आतूनही पुसली, आणि उत्तम प्रतीचं ग्रीस बोटाने फासून दांडी परत बसवली, ‘कट्’ होईपर्यंत आवळली. छत्तीस वर्षांत सुक्यात सुकं मी कधी घातलं नाही. कोणाला सांगितलंही नाही. आपण केलेलं चांगलं काम सांगत फिरू नये, असा माझा स्वभाव आहे.

पौर्णिमेला पहाटे वाण दिलं. जावयांचे पाय धुतले, सायकलीला कुंकू लावलं (काळ्यावर ते काय दिसतं, सांगू!), दिव्याने ओवाळलं, तेहतीस अनारसे तांब्याच्या ताटात. रुचिता पुरणाचे धोंडे उकडायला घरी थांबली, जावई सायकलीवर निघाले, आणि मागून स्कूटरवर मी आणि कलावती. ठरलं होतं खडवलीच्या नदीपर्यंत जाऊन यायचं. मला दर खड्ड्याला वाटायचं, आता मोडली, आता गेली. काही झालं नाही. कल्याणात जावई ताठ बसले होते. टिटवाळ्याला त्यांचे गुडघे बरेच वर येऊ लागले. मला वाटलं शर्यतीतली बैठक अशीच असेल, मी कौतुकाने कलावतीला दाखवलंसुद्धा. खडवलीला पोचेपर्यंत त्यांचे गुडघे आणि कोपरं एका उंचीला आली होती, आणि चेहरा घामाने निथळत होता. सीट मैलामैलाला खाली उतरत होती, उत्तमराव, आणि सासऱ्याने दिलेल्या वाणाला नाव ठेवू नये म्हणून हा माणूस अवाक्षर न बोलता तसाच बारा-पंधरा किलोमीटर पायडल मारत आला.

उतरून त्यांनी सीटखाली बोट फिरवलं. बोटाला ग्रीस. त्यांनी ते पाहिलं, मी ते पाहिलं, आणि मला सगळं कळलं. मी शरमेने काळाठिक्कर पडलो. स्कूटरच्या डिकीतून ॲलन की काढली, तिला जोर यावा म्हणून नळकांड्याचा तुकडा लावला आणि एकदाची करकचून आवळायला धावलो, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

“बाबा, नको! चिरेल ती!”

मी थांबलो. तेही थांबले. मग ते रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि हसायला लागले, असे हसले की मलाही बसावं लागलं. ती खरखरीत वाळू म्हणजे कचरा नव्हता, दांडी घसरू नये म्हणून त्यांनीच लावलेली पेस्ट होती. “तुम्ही पुसलीत ती?” “पुसली. रॉकेलने.” “आतून पण?” “आतून पण.” मग कार्बनला ग्रीस का चालत नाही, धागे कसे विणतात, भट्टीत कसे भाजतात, हे सगळं ते अर्धा तास सांगत होते, आणि मी पंपाचं सांगत होतो, आणि एकाचं संपायच्या आत दुसरा बोलत होता. कलावती अनारशांचा डबा उघडून बसली होती, तिच्याकडे आमचं लक्ष नव्हतं.

मग ते म्हणाले, “बाबा, आता ही दांडी तळाला टेकलीय, म्हणजे तुमच्या मापाची झालीय. मारा एक फेरी.” मी नको म्हटलं. दोनदा म्हटलं. मग बसलो. कसं सांगू तुम्हाला! एकदा पाय दाबला आणि ती निघाली, मी म्हणायच्या आधी. कुठे खडखड नाही, कुरकुर नाही. जन्मभर मी यंत्रं कानाने ओळखली. न वाजणारं यंत्र म्हणजे बंद पडलेलं, एवढंच मला ठाऊक. हे वाजत नव्हतं आणि धावत होतं. बासष्टाव्या वर्षी देवाने मला हे का दाखवलं, आणि एवढ्या उशिरा का, असं दोन्ही एकदम मनात आलं. पुलापर्यंत शांतपणे एक फेरी मारून मी परत आलो आणि सायकल त्यांच्या स्वाधीन केली.

इकडचं एवढंच. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीच्या पाठीवरून माझ्या वतीने हात फिरवावा.

आपला,
मारुती

ता. क. विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मीही कोणाचा तरी जावई आहे. तुमच्या वडिलांनी माझ्या पहिल्या अधिकाला चांदीचा पेला दिला, त्यानंतर दहा-बारा अधिक आले नि गेले, मी कधी तोंड उघडलं नाही. या महिन्याचे आठेक दिवस अजून शिल्लक आहेत.

ता. क. २. गैरसमज नको, तुम्हाला एक पैसा द्यायचा नाही. फ्रेम मी गेल्या सोमवारीच मागवली आहे, माझ्या मापाची. पेटीवर पत्ता मात्र तुमचा घातला आहे. पेटी आली की तुम्ही फक्त ‘भावाकडून वाण’ म्हणून माझ्याकडे पाठवायची. मी आणलेल्या वस्तूवर कलावती दहा प्रश्न विचारील. माहेरून आलेल्या वस्तूला ती काय बोलणार? पेटी अमावास्येआधी पोचणार नाही, पण संकल्प महिन्यात केला तर चालतं असं गुरुजींनी सांगितलं आहे. (त्यांना मी सायकल म्हटलं नाही, ‘उपयोगी वस्तू’ म्हटलं.) हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घालावे.

ता. क. ३. दादा, मी कला. पाकिटाचा डिंक ओला होता, म्हणून वाचलं. शांतपणे वगैरे काही नाही. एक फेरी नाही, सहा मारल्या. जावई बिचारे उन्हात उभे. आणि ओरडत होते रे, एवढ्या मोठ्याने, की पुलाखाली कपडे धुणाऱ्या बायका हात थांबवून वर बघायला लागल्या. कारखाना बंद पडल्यापासून दोन वर्षं हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीतून उठत नव्हता, तुला फोनवर सगळं सांगत नाही मी. पेटी आली की तूच दिलीस म्हण. मी रागावल्यासारखं करीन.