टिटवी गप्प बसते तिथे

छोट्या,

मी रोपं पोचवायला चाललेय, संध्याकाळी येते. तू विहिरीमागचं रान साफ करायच्या फंदात पडू नकोस. तू ज्याला तण म्हणतोस, त्यात टिटवीची अंडी आहेत, अगदी खड्यांसारखी दिसतात. ती जिथे आकांडतांडव करते तिथे खुशाल फिर, ते आपल्याला भलतीकडे न्यायचं नाटक असतं. गप्प बसलेली दिसली, की मात्र मुकाट्याने मागे फिर. गवत कापायच्या मशीनचं पातं मी सोबत नेलंय, उगाच घर उलथंपालथं करू नकोस.

जमीन बघायला माणसं आली तर चहा दे. सही आपल्या दोघांची लागते, हेही सांग.

काल जेवताना तू विकायचा विषय काढलास, तेव्हा मी ओरडले नव्हते. आठवतंय ना?

ताई