रीके ल्युबेकला आली होती

प्रिय हेनिंग,

"या गावात माणसाला ताठ उभंसुद्धा राहता येत नाही," असं तू आईला म्हणाला होतास. हातात बॅग, आणि आपल्या बोळाच्या तोंडाशी नेहमीसारखा कमरेत वाकलेला. मी वीस वर्षांची होते. मला वाटलं, बोळाच्या बुटक्या कमानीलाच वैतागलायस. ते बाबांबद्दल होतं हे पुष्कळ उशिरा कळलं. तू गेलास त्याला सत्तावीस वर्षं झाली. बाबा गेले तेव्हा तू आला नाहीस. पुष्पचक्र आलं, त्याला नावाची फीत नव्हती. आईची राख समुद्रात सोडायच्या दिवशी त्रावेम्युंडेच्या धक्क्यापर्यंत आलास आणि बोटीवरून उतरून थेट परतीच्या गाडीत बसलास. गाव तिथून वीस मिनिटांवर होतं. मी आग्रह केला नाही, आणि तेव्हापासून रोज वाटतं की करायला हवा होता.

आता बातमी सांगते, पण तुझ्या पोरीवर रागावू नकोस. गेल्या शनिवारी रीके हॅम्बुर्गला मैत्रिणीकडे आहे असं तू समजत होतास. ती होतीही, पण शनिवारचा दिवस तेवढा माझ्याकडे होती. सकाळच्या गाडीतून उतरली आणि मला ओळखायला क्षणही लागला नाही. तुझीच उंची, तुझीच पाय फेकत चालायची ढब. मी आठवडाभर डोकं खाजवून ठरवलं होतं की एकोणीस वर्षांच्या मुलीला एका दिवसात काय काय दाखवायचं. होल्स्टेन वेशीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, तुमच्याकडे वेससुद्धा वाकडी बांधतात?" मी म्हटलं, "सरळच बांधली होती गं. खालची जमीन दलदलीची, ती खचली. पाचशे वर्षं झाली, अजून उभी आहे की नाही?" तिने मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "आपल्या आख्ख्या घराण्यासारखीच आहे." मी हसले, पण जरा लागलंही.

मग मारिया चर्चमध्ये गेलो. युद्धाच्या आगीत मनोऱ्यावरून पडलेल्या घंटा जिथे पडल्या तिथेच ठेवल्यात ना, फुटलेल्या, फरशीत रुतलेल्या. त्यांच्यापाशी ती उकिडवी बसली. मी तिथून इतक्यांदा जाते की मला आता त्या दिसतही नाहीत. तिच्या शेजारी बसले तेव्हा पहिल्यांदाच वर पाहावंसं वाटलं. दगड नसलेल्या मुलखात नुसत्या भाजलेल्या मातीच्या विटा रचून माणसांनी केवढी उंची गाठली आहे, हेनिंग. आणि जळून गेल्यावर तीच उंची दुसऱ्यांदा गाठली. बाबांनी गवंडीकामाची उमेदवारी केली ती याच डागडुजीवर. ते मचाणावर शिट्टी वाजवत, आणि खाली आई डबा घेऊन उभी असे. हे सगळं मी रीकेला सांगणार होते, तर तीच म्हणाली, "आजोबांचं मचाण त्या खिडकीपाशी होतं ना?" मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? "पप्पांनी. दुसरं कोण सांगणार?"

तिथून पुढे मी वाटाड्या उरलेच नाही. तीच पुढे, मी मागे. मासळीवाल्या ल्यूडर्सबाईंच्या गाडीवर तिने न विचारता दोन पाव मागितले, हेरिंग मासा आणि भरपूर कांदा घातलेले. बाईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. "बॉयसेनांचं नाक. लपत नाही ते. बाप काय म्हणतो तुझा? रुसलाय का अजून?" रीके म्हणाली, "रुसलेत हो. पण आता चष्मा लावून रुसतात." बाई इतक्या हसल्या की तिसरा पाव तसाच हातात दिला. मग आपला बोळ. कमानीखाली ती न सांगता वाकली, सातव्या पावलाला ताठ झाली, आणि डाव्या भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर, ती वीट बरोबर शोधून काढली. कच्ची असताना वाळत घातली होती तेव्हा कुणाचा तरी कुत्रा तिच्यावरून गेला, आणि त्याचा पंजा भाजून कायमचा राहिला. तिने त्यात चार बोटं टेकवली. "पप्पा मला झोपवताना रोज या गावातून फिरवून आणायचे," ती म्हणाली. "वेशीपासून सुरुवात, आणि मी बोळापर्यंत पोचायच्या आत झोपलेली असायचे. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत आले."

तुझ्या घरात आमचं नावही निघत नसेल असं धरून मी इतकी वर्षं चालले होते.

चार वाजता तिने स्वतःच विचारलं, "आजोबा कुठे आहेत?" बुर्गटोर वेशीबाहेर दफनभूमीत गेलो. बाबांच्या कबरीच्या दगडावर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. रीकेने वाकून वाचली आणि म्हणाली, "आजोबांनी चुकीच्या जागी गाडी लावली की काय?" ती दफनभूमीच्या कचेरीची नोटीस होती. तुला वेगळं सांगायला नको, इथे कबरीची जागा भाड्याची असते. बाबांच्या जागेची पंचवीस वर्षांची मुदत ऑक्टोबरअखेर संपते. कुणी ती वाढवली नाही तर दगड उचलतील, आणि जागा दुसऱ्याला मिळेल. रीकेने बोटाच्या पेराने दगडावर टकटक केलं आणि कान लावला. बाबा प्रत्येक भिंतीला असंच करत, आतून पोकळ आहे का ते ऐकायला. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? ती म्हणाली, "पप्पा करतात. नवीन कुठेही गेलो की आधी भिंत वाजवतात. आई म्हणते, हॉटेलात तरी नको."

हेनिंग, मी सोमवारी तिथल्या कचेरीत गेले. वाटलं होतं माझ्याच सहीवर काम होईल. तिथल्या बाईंनी वही उघडून दाखवली: आई गेल्यावर त्या जागेचा हक्क थोरल्या अपत्याकडे गेलाय, म्हणजे तुझ्याकडे. सात वर्षं बाबा तुझ्या नावावर आहेत आणि आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. सही तुझीच लागेल. मुदत वाढवायचा अर्ज सोबत जोडलाय. कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली केली आहे. बाई म्हणाल्या, टपालाने पाठवला तरी चालतो, बहुतेक लोक तसंच करतात. तसा आला तरी मी तो मुकाट्याने नेऊन देईन, एक शब्द बोलणार नाही. आणि तू तसाच पाठवशील, हेही मला ठाऊक आहे. तरीही मागते, कारण धक्क्यावर मागायचं राहून गेलं होतं: तो टपालात टाकू नकोस. स्वतः घेऊन ये.

तुझीच,
वीब्के