पोरं जिथं, अंगणवाडी तिथं

डिंगोरे,
४ डिसेंबर २०२५

चि. दादाभाऊ यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक. भात झोडून घरात आलं. चंपाषष्ठीला तू तळी भरायला आला नाहीस. द्राक्षाच्या फवारण्या चालू असतील, असं मीच सगळ्यांना सांगितलं.

माझ्या अंगणवाडीचं ऐक. गेल्या वर्षी तालुक्यात वरच्या नंबरात होतो, या महिन्यात तळाला. शिकवणं बिघडलं म्हणून नाही, पोरंच नाहीत म्हणून. भात निघालं की वाडीतली माणसं नारायणगावला तुमच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात आणि पोरं बरोबर नेतात, हे तुला नव्यानं काय सांगू? आमच्या सुपरवायझर मॅडम म्हणतात, पट असाच राहिला तर वाडीची अंगणवाडी खालच्या गावाला जोडतील. शेजारच्या सेविकेनं सल्ला दिला की मोबाइलवर हजेरी भरून टाक, कोण बघायला येतंय. मी म्हटलं, मग खिचडीपण मोबाइललाच भरवू का?

पण नुसत्या नंबरासाठी मी पत्र लिहायला बसले नसते. परवा आपल्या वाडीतली लंकाबाई लेकीला घेऊन माझ्याकडे आली. श्रेयाला अजून पेजही धड गिळवत नाही. तुझ्या बागेत फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून प्यायली पोर. तू स्वतः गाडीत घालून दवाखान्यात नेलीस म्हणून वाचली, हे लंकाबाई पुन्हा पुन्हा म्हणाली. मग रडत पुढचंही सांगितलं. तू तिला म्हणालास, "गावाकडं बोलू नको, न्हाईतर उद्यापासून कामाला येऊ नको."

दादाभाऊ, मला तुझा फार राग आला. तळीला का आला नाहीस, तेही कळलं.

जाताना ती म्हणाली, "ताई, तुमी तिथं असता तर माजी पोर त्या बाटलीकडं गेली नसती."

तेव्हाच ठरवलं. सोमवारपासून माझी अंगणवाडी तुझ्या पॅकिंगच्या शेडमध्ये भरेल. मॅडमना विचारलं, त्या बघू म्हणाल्या. त्यांचं बघून होईपर्यंत बागेतली द्राक्षं उतरून जातील. शेडमधली औषधं आधी हलव आणि कुलपात ठेव. पिण्याच्या पाण्याचा पिंप भरून ठेव. मी पहिल्या एसटीनं येते.

शेजारच्या बागांतल्या पोरांनाही बोलावलंय. सगळ्या आयांना सांगून झालंय. त्यामुळे नाही म्हणायचं असेल तर मला म्हणू नकोस, त्यांना सांग. लंकाबाईपासून सुरुवात कर.

तुझी थोरली बहीण,
साधना
अंगणवाडी सेविका